शोरूममधलं दुसरं टेबल

गाडीच्या कर्जासाठी बँकेत जायचं नसतं, ही गोष्ट आता वऱ्हाडात सगळ्यांना पाठ झाली आहे. अमरावतीत बडनेरा रोडला किंवा अकोल्यात महामार्गावर कुठल्याही शोरूममध्ये शिरा. गाडीचं मॉडेल आणि रंग ठरवायचं एक टेबल असतं आणि थोडं आत, काचेपलीकडे, दुसरं. पहिल्या टेबलावर गिऱ्हाईक मनापासून घासाघीस करतं. मॅट फुकट मागतं, सीटकव्हर मागतं, पाच हजार कमी करा म्हणून अडून बसतं. दुसऱ्या टेबलावर तोच माणूस गप्प होतो. तिथं त्याचा प्रश्न एकच असतो, "हप्ता केवढा बसते?" आणि पलीकडून उत्तर येतं, "टेन्शन नका घेऊ भाऊ, बसवून देतो."

ज्याच्या कर्जफेडीची नोंद कुठल्या यंत्रणेत नाही, अशा माणसाच्या अडचणीबद्दल आपण बोलतो तेव्हा कर्ज नाकारलं जाण्याबद्दल बोलतो. माझ्या मते ही चर्चा दहा-पंधरा वर्षं जुनी झाली. आज त्याला कर्ज मिळतं. पण त्या कर्जाची किंमत ज्या टेबलावर ठरते, तिथं बसलेल्याला गाडीही खपवायची असते आणि कर्ज विकल्याचे पैसेही मिळणार असतात. खरी अडचण तिथं आहे.

आधी हा बिननोंदीचा माणूस कोण ते पाहू, कारण शहरातल्या वर्तमानपत्रांत त्याचं चित्र फार चुकीचं येतं. तो मोर्शी-वरुडकडचा संत्रा बागाईतदार असतो, मूर्तिजापूरचा किराणा दुकानदार असतो, परतवाड्याहून चिखलदऱ्याला प्रवासी नेणारा ड्रायव्हर असतो, जिनिंगमधला मुकादम असतो. या माणसांनी आयुष्यभर उधारी केली आणि आयुष्यभर फेडली. कृषी केंद्रातून खत-बियाणं उधार आणलं, सोयाबीन विकून चुकतं केलं. अडत्याकडून उचल घेतली. मुलीच्या लग्नाला बायकोचं सोनं गहाण ठेवलं आणि पुढच्या दिवाळीला सोडवलं. पतसंस्थेच्या पिग्मी एजंटाला रोज शंभर-दोनशे दिले आणि त्या बचतीवर कर्ज काढलं. गावात त्याच्या शब्दावर लाखाचा माल उचलता येतो. पण यातली बहुतेक देवघेव सिबिलपर्यंत पोचत नाही. सिबिल ही कंपनी २००० साली निघाली, पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ साली झाला, आणि त्या चौकटीत माहिती देतात त्या मुख्यतः बँका, वित्तकंपन्या, क्रेडिट कार्डवाले. पतसंस्थेत फेडलेलं कर्ज सहसा तिथं येत नाही. कृषी केंद्राची वही तर येणारच नाही. गुण ३०० ते ९०० मध्ये मोजतात. ज्याची काहीच नोंद नाही त्याच्या नावापुढं उणे एक लागतं. वीस वर्षं एकही देणं न बुडवलेल्या माणसाची ओळख यंत्रणेत उणे एक.

दुसरा भाग आयकराचा. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, त्यामुळं शेतकऱ्याला विवरणपत्र भरायची गरजच पडत नाही. कर्ज देणारा मात्र दोन-तीन वर्षांचे आयटीआर मागतो. मग सल्ला मिळतो: बनवून घ्या. मागच्या वर्षाचं विवरणपत्र दूधधंद्याचं, नाहीतर कापडाच्या दुकानाचं. ज्याच्या गोठ्यात एक म्हैस आहे तो कागदावर दूध व्यावसायिक होतो. आयुष्यातलं पहिलं मोठं कर्ज घेताना माणसाला पहिली सही खोट्या कागदावर करावी लागते, आणि पुढं काही वाद झाला की तोच कागद त्याच्याविरुद्ध वापरता येतो. हे ज्याला क्षुल्लक वाटतं त्यानं ग्राहक आयोगात एकदा उलटतपासणी बघावी.

तिसरा भाग कर्जमाफीचा. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना झाली, २०१९ ची महात्मा जोतीराव फुले योजना झाली. २०२५ च्या जूनमध्ये माजी आमदार बच्चू कडूंनी गुरुकुंज मोझरीला पुन्हा त्याच मागणीसाठी उपोषण केलं. माफी असावी की नसावी यावर मला इथं वाद घालायचा नाही. पण माफीच्या आधारानं बँकेशी एकरकमी तडजोड करून ज्यानं खातं मिटवलं, त्याच्या अहवालात "सेटल्ड" असा शेरा राहतो, आणि गाडीच्या फाईलवर तो शेरा बुडवेपणासारखा वाचला जातो. सरकारनं सांगितलं तुझं देणं संपलं. शोरूममध्ये कळतं, की तसं नाही.

राज्यकर्त्यांना हे कळत नाही असं नाही. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी २०२५ मध्ये बँकांना बजावलं, की पीककर्जाला सिबिलची सक्ती केली तर गुन्हे दाखल करू. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी लोकसभेत स्पष्ट केलं, की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून फेटाळू नये असा रिझर्व्ह बँकेचा ६ जानेवारी २०२५ चा निर्देश आहे, आणि किमान गुणांची अटही कुठं घातलेली नाही. चांगलं आहे. पण दोन्ही ठिकाणी चिंता एकच: नकार. होकार कोणत्या भावानं मिळाला, हे कुणी विचारलं नाही.

तो भाव कसा लपतो ते आकड्यांतच पाहावं लागेल. समजा, कर्ज ६ लाखांचं, मुदत पाच वर्षांची. टेबलावर सांगितलं जातं, "आठ टक्के फ्लॅट." बँकेचा दर नऊ टक्के असल्याचं माणसानं कुठंतरी वाचलेलं असतं, आठ त्याहून कमी, म्हणून तो खूश. हिशेब असा होतो: ६ लाखांवर ८ टक्क्यांनी पाच वर्षांचं व्याज २ लाख ४० हजार, एकूण ८ लाख ४० हजार, भागिले ६० म्हणजे हप्ता १४ हजार. यात खोच ही, की व्याज पाचही वर्षं पूर्ण ६ लाखांवर लावलं. खरं तर दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं; शेवटच्या वर्षी तर लाख-दीड लाखच उरलेलं असतं. उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरायचं म्हटलं, तर १४ हजारांचा हा हप्ता वर्षाला १४ टक्क्यांहून थोडा जास्त दर सांगतो. बँकेच्या खऱ्याखुऱ्या नऊ टक्क्यांना हाच हप्ता साडेबारा हजारांच्या आत बसला असता. फरक पाच वर्षांत नव्वद हजारांच्या वर जातो. पाच हजारांच्या सीटकव्हरसाठी तासभर भांडलेल्या माणसाचे नव्वद हजार काचेपलीकडे गेले, आणि त्याला वाटलं आपण एक टक्का वाचवला.

यावर "एक ॲडव्हान्स हप्ता" येतो. पहिले १४ हजार आधीच कापले की हातात आले ५ लाख ८६ हजार, व्याज मात्र ६ लाखांवर. खरा दर साडेचौदाच्या पुढं सरकतो. रिझर्व्ह बँकेला तपासणीत हा प्रकार सापडला होता. २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात तिनं स्पष्ट सांगितलं, की काही संस्था हप्ते आगाऊ घेतात पण व्याज पूर्ण रकमेवर लावतात, काही चेक हातात पडण्याआधीच, चेकवरच्या तारखेपासून व्याज मोजतात, आणि हे चालणार नाही. मग फाईल चार्ज, कागदपत्रांचा खर्च, आणि कर्जदाराच्या जिवाचा एकरकमी विमा. विम्याचे ३० हजार कर्जातच मिळवले, तर आठ टक्के फ्लॅटनं त्यांच्यावर आणखी १२ हजार व्याज. गिऱ्हाइकाला यातलं काही दिसत नाही, कारण त्यानं विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर बरोबर मिळालेलं असतं. हप्ता बसला.

इथं शोरूमचा पोरगा खलनायक आहे असं मी म्हणत नाही. बी.कॉम. झालेला, दहा-बारा हजार पगारावर, महिन्याचं टार्गेट डोक्यावर असलेला आपल्याच गावचा मुलगा असतो तो. व्यवस्था अशी, की कर्ज देणारी कंपनी प्रत्येक फाईलमागं डीलरला पेआउट देते, बहुधा कर्जाच्या रकमेच्या टक्केवारीत. मोठं कर्ज, मोठा पेआउट. हा पेआउट कुठल्याही कागदावर गिऱ्हाइकाला दाखवावा लागत नाही. पाच कंपन्यांत फाईल एकाच दिवशी टाकली जाते. त्यातली प्रत्येक कंपनी सिबिल तपासते, आणि इतक्या चौकश्या एकदम झाल्या की आधीच दुबळा असलेला स्कोअर आणखी खाली येतो. मग सांगतात, "भाऊ, तुमचं सिबिल बसत नाही, पण एक कंपनी करून देते." ती एक कंपनी कोणती, आणि तीच का, हे त्या टेबलाला माहीत असतं.

ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर अलीकडे मोठा गदारोळ झाला. तिथं काही डीलरांना व्याजदर स्वतः वाढवता येत असे आणि जितका जास्त दर तितकं जास्त कमिशन. नियामकानं जानेवारी २०२१ मध्ये या पद्धतीवर बंदी आणली. कमिशनच्या लपवाछपवीचे खटले पुढं तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १ ऑगस्ट २०२५ च्या निकालात न्यायालयानं बहुतांशी कर्जदात्यांची बाजू घेतली: डीलर हा विक्रेता आहे, तो गिऱ्हाइकाचा विश्वस्त नाही. पण एका कारखान्यातल्या सुपरवायझरच्या बाजूनं निकाल लागला. त्यानं जुनी सुझुकी घेतली होती, आणि कर्जाच्या एकूण खर्चातला ५५ टक्के हिस्सा डीलरचं कमिशन होतं. शिवाय त्या डीलरचं एकाच कर्जदात्याशी आधीपासून साटंलोटं होतं आणि ते त्याला कळलं नव्हतं. मला या निकालाचे दोन्ही भाग पटतात. डीलरनं गिऱ्हाइकाचं भलं बघावं ही अपेक्षा भाबडी आहे. म्हणूनच त्याला किती पैसे मिळतात ते कागदावर आलं पाहिजे. आपल्याकडं तेवढंही नाही.

नियम मुळीच नाहीत असं मात्र कुणी समजू नये. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाआधी एक तथ्यपत्रक द्यावं लागतं. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर लिहायचा, तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत, समजावून सांगून, त्याची पोच घेऊन. आणि त्या पत्रकातल्या अटी कर्जदाराला किमान तीन कामकाजाचे दिवस खुल्या ठेवायच्या, म्हणजे त्याला घरी जाऊन विचार करता यावा, दुसरीकडं विचारता यावं. कागदावर हा नियम उत्तम आहे. आता दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळचं शोरूम डोळ्यांपुढं आणा. नारळ-हार आलेले, घरचे नवे कपडे घालून बसलेले, डिलिव्हरी ऑर्डर यायची वाट बघताहेत. मोबाईलवर ओटीपी येतो, "सांगा काका." पत्रक पीडीएफ होऊन इंग्रजीत कुठल्यातरी मेलवर गेलं, आणि तो मेल आयडीसुद्धा त्याच टेबलावर बनवलेला. तीन दिवसांचा विचार एका ओटीपीत आटोपला. २०२५ च्या २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्याच दिवशी, लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा ही घाई आणखी वाढली. कर कमी झाल्याचा आनंद खरा होता. पण त्या दिवसांत गाडी घेतलेल्या किती जणांना आपला वार्षिक दर सांगता येईल, याची मला शंका आहे.

माझ्या युक्तिवादावरचा सगळ्यात सबळ आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. आक्षेप असा: हे टेबल नसतं, तर परतवाड्याच्या त्या ड्रायव्हरला गाडी मिळालीच नसती. राष्ट्रीयीकृत बँकेत तो गेला असता तर साहेब जेवायला गेलेले असते, मग "उद्या या", मग नोकरदार जामीनदार आणा, मग तीन वर्षांचे आयटीआर. वित्तकंपनीच्या माणसानं त्याच्या घरी येऊन सातबारा बघितला, शेजाऱ्याला विचारलं, तीन दिवसांत पैसे दिले. जोखीम त्या कंपनीनं घेतली, मग तिनं जास्त दर का घेऊ नये? मला हे बऱ्याच अंशी मान्य आहे. घरी येऊन शेजाऱ्याला विचारणं ही खरी पतपारख आहे, आणि ती बँकांनी सोडून दिली हा दोष बँकांचा. पण जोखमीचा जास्त दर उघड सांगितला तर तो जोखमीचा दर असतो. चौदाचा आठ म्हणून सांगितला, तर त्यातला जोखमीचा भाग किती आणि गिऱ्हाइकाच्या अज्ञानाचा किती, हे कळायला मार्ग राहत नाही. शिवाय जास्त दर घेणाऱ्या कंपनीकडं गाडीवरचा बोजाही असतोच. आरसी पुस्तकात तिचं नाव चढलेलं असतं आणि एनओसी व पस्तीस नंबरचा फॉर्म मिळेपर्यंत ते उतरत नाही. तारण घेऊनही दर विनातारणाच्या जवळपास.

इथं वऱ्हाडी माणसाला एक जुनी गोष्ट आठवायला हरकत नाही. आपला हा सगळा प्रांतच एकेकाळी कर्जापोटी दुसऱ्याच्या ताब्यात गेला. हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकला म्हणून निजामानं १८५३ च्या तहानं वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केलं; १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झननं ते वर्षाला २५ लाखांवर कायमच्या पट्ट्यानं घेतलं. महसुलाचा हिशेब कुणी ठेवायचा आणि खर्च किती धरायचा हे ज्याच्या हातात ताबा त्यानंच ठरवलं. निजामाकडं तरी वकील होते.

त्यानंतर इथल्या माणसाचा सामना सावकाराशी राहिला, आणि कायदाही सावकाराच्याच मागं लागला. १९३३ चा मध्यप्रांताचा कर्ज-तडजोड कायदा, १९३४ चा सावकारी कायदा, शेवटी २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा. त्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती तारण कर्जावर वर्षाला १५ टक्के आणि विनातारण कर्जावर १८ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. पण रिझर्व्ह बँकेकडं नोंदलेल्या वित्तकंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये दिला. कायद्याच्या दृष्टीनं तो बरोबर असेलही. एका कंपनीवर दोन नियामक नकोत. परिणाम मात्र असा झाला, की गावच्या सावकाराला दराची मर्यादा आहे आणि काचेच्या केबिनमधल्या कंपनीला नाही. रिझर्व्ह बँक दर अवाजवी नसावा एवढंच म्हणते, आकडा सांगत नाही.

वसुलीबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या एका प्रकरणात दांडगट पाठवून गाडी ओढून नेण्यावर ताशेरे ओढले. २०२२ मध्ये झारखंडात हजारीबागला ट्रॅक्टरच्या वसुलीत एका गरोदर स्त्रीचा चाकाखाली मृत्यू झाल्यावर रिझर्व्ह बँकेनं महिंद्रा फायनान्सला बाहेरच्या एजंटांकडून वसुली करायला काही महिने मनाई केली. हे सगळं खरं असलं, तरी हप्ता थकल्यावर काय होतं याच्या बातम्या होतात आणि तो का थकला याच्या होत नाहीत.

थकण्याचं एक कारण अगदी साधं आहे: हप्ता महिन्याला आहे आणि इथला पैसा हंगामाला. सोयाबीन दसरा-दिवाळीला येतं, कापूस त्यापुढं संक्रांतीपर्यंत, तूर त्याच्या मागं. संत्र्याचा आंबिया हिवाळ्याच्या तोंडाला, मृग उन्हाळ्याच्या. जून-जुलैत घरातला शेवटचा रुपया पेरणीत जातो, आणि नेमक्या त्या महिन्यांत खात्यावरून हप्ता परत जातो. बँकही दंड लावते, कंपनीही लावते, सिबिलमध्ये उशीर चढतो, आणि पुढचं कर्ज आणखी महाग होतं. दुकानदार आणि ड्रायव्हर यांचंही तेच, कारण शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला की त्यांच्याकडंही येत नाही. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्त्याची सोय असते. पीक कधी येतं हे तिथं कर्ज देणाऱ्याला समजतं. तोच शेतकरी, त्याच सातबाऱ्यावर, चारचाकी घ्यायला गेला की पुण्या-मुंबईचा पगारदार ठरतो. कुणी म्हणेल, ट्रॅक्टर कमावतो आणि कार खाते. पण हप्ता ट्रॅक्टर भरत नाही, माणूस भरतो, आणि त्याचं उत्पन्न दोन्ही वेळेला सारखंच येतं.

यावर काम करू शकतील अशा संस्था आपल्याकडं आहेत. अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्हा मध्यवर्ती बँकांना गावोगावच्या सोसायट्यांमार्फत माणसाची तीन पिढ्यांची देणीघेणी माहीत असतात. त्यांनी आणि चांगल्या चालणाऱ्या पतसंस्थांनी सभासदाला त्याच्या फेडीचा दाखला दिला, गाडीसाठी सहामाही हप्त्याचं कर्ज आधी मंजूर करून पत्र हातात ठेवलं, तर तो गाडीचा भाव रोखीच्या गिऱ्हाइकासारखा करील. पतसंस्थांची फेड पतमाहिती कंपन्यांपर्यंत न्यायलाही हरकत नाही, जरी त्यात थकबाकीदारांची नावंही जातील आणि काही अध्यक्षांना ते रुचणार नाही. सहकारी बँकांची स्वतःची थकबाकी, संचालक मंडळांचं राजकारण, निवडणुकीच्या वर्षातली वसुली, हे आक्षेप मला पाठ आहेत आणि त्यातला एकही खोटा नाही. सुरुवात छोट्या रकमांच्या कर्जांपासून, जुन्या गाड्यांपासून करता येईल. पहिल्या वर्षीची सगळी कर्जं संचालकांच्या पाहुण्यांना जाऊ नयेत, एवढं मात्र सभासदांना आमसभेत उभं राहून पाहावं लागेल.